रजनीसाठी उतरवलेलं वजन

डॉक्टर तळवलकर बाईंनी रिपोर्ट बाजूला सारले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "वाघुळदे, तुमची किडनी मला घेता येणार नाही."

नाशिकच्या त्या हॉस्पिटलात मी खुर्चीच्या कडेवर कसाबसा टेकलो होतो. खुर्चीला हात होते, आणि हाताच्या खुर्चीत मी मावत नसे. शेजारी माझे मेहुणे किशोरराव होते. माझी धाकटी बहीण रजनी, म्हणजे किशोररावांची बायको, बाहेर बाकावर बसली होती. तिला आत आणू नका, असं मीच सांगितलं होतं. आत चांगली बातमी मिळणार आणि ती बाहेर जाऊन मी तिला देणार, असा माझा बेत होता.

बाईंनी शांतपणे समजावलं. रक्तगट जुळत होता. पुढच्या तपासण्या तर इतक्या जुळल्या होत्या की सख्ख्या भावंडांतही असं नेहमी होत नाही. माझ्या दोन्ही किडन्या ठणठणीत होत्या. अडचण होती ती त्यांच्या भोवतालच्या माणसाची. एवढ्या वजनाच्या माणसाला भूल देणं धोक्याचं, आणि एक किडनी काढल्यावर उरलेल्या एकीवर एवढ्या देहाचा भार टाकणं त्याहून धोक्याचं. एक पेशंट बरा करताना मला दुसरा तयार करायचा नाही, असं त्या म्हणाल्या.

मी माझ्या सवयीने म्हणालो, "मग मॅडम, अर्धा मी इथंच ठेवून जातो."

किशोरराव हसले नाहीत. बाईही हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तसंच काहीसं करावं लागेल."

बाहेर आलो तेव्हा रजनीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलंच नाही. उलट तिनेच पिशवीतून डबा काढला आणि म्हणाली, "दादा, तू सकाळपासून उपाशी आहेस, खाऊन घे." आणि मी खाल्लं. दुसरं काय करावं हे मला तेव्हा येतच नव्हतं.

मी सावद्याचा. आमच्याकडे सगळीकडे केळीच्या बागा, बागांना विहिरी, विहिरींवर मोटारी. त्या मोटारी जळल्या की माझ्या दुकानात यायच्या. मी त्यांचं वाइंडिंग करतो. बैठं काम. लहानपणापासून मी अंगाने भरलेला, आणि तिशी ओलांडली तेव्हा तर असा फुगलो की धान्याच्या काट्यावर उभं राहून वजन करायची वेळ आली. मला त्याचं दुःख नव्हतं, किंवा होतं ते मी हसण्यावारी नेत असे. डिगंबर वाघुळदे म्हटलं की पंचक्रोशीत लोक आधी हसायचे आणि मग बोलायचे. पंगतीत मला शेवटच्या पानावर बसवायचे, कारण माझ्यानंतर वाढपी थकतो म्हणे. मी सगळ्यांच्या आधी स्वतःवर विनोद करायचो, म्हणजे दुसऱ्याला संधीच राहायची नाही.

रजनी माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिच्या किडन्या लहानपणापासूनच हळूहळू निकामी होत होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता. कळलं तेव्हा तिच्या पायावर सूज होती, तोंडाला चव नव्हती आणि दोन्ही किडन्या सुकून सुपारीएवढ्या झाल्या होत्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा जळगावला डायलिसिस. सकाळी उठून जायचं, यंत्राला जोडून घ्यायचं, संध्याकाळी पिळून काढलेल्या धुण्यासारखं परत यायचं. तिच्या डाव्या हातात त्यासाठी शीर जोडली होती. तिथे कान लावला की आत घरघर ऐकू यायची. किशोररावांचा रक्तगट जुळत नव्हता. आईला साखरेचा जुना आजार. वडील नव्हते. मेलेल्या माणसाची किडनी मिळण्यासाठी नाव नोंदवलेलं होतं, पण तिथे वर्षानुवर्षांची रांग होती. राहिलो मी एकटा, आणि मला हात लावायला डॉक्टर तयार नव्हते.

आधी साधे उपाय झाले. दुधीचा रस प्यालो. पहाटे सावदा ते कोचूर रस्त्याने चाललो, कुत्री मागे लागली. थोडं वजन उतरलं आणि आषाढात गाजावाजा करत परत आलं. शेवटी तळवलकर बाईंनी मला त्यांच्याच हॉस्पिटलातल्या पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं की जठराचा मोठा भाग कापून काढायचा, आणि जे उरेल ते साधारण केळाएवढं आणि केळाच्याच आकाराचं असेल.

"आमच्याकडे केळांना काय तोटा," मी म्हणालो.

बायकोला, शैलाला, हे पटायला वेळ लागला. तिला रजनीबद्दल माया होती, पण निरोगी माणसाने आपलं चांगलं पोट कापून घ्यायचं, आणि ते पुढे किडनी कापून देता यावी म्हणून, हे तिच्या डोक्यात बसेना. तिने भांडण केलं नाही. ऑपरेशनला निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने पुरणपोळी केली आणि समोर बसून मला खाऊ घातली. एकेक पोळी वाढताना ती माझ्याकडे अशी बघत होती, की लांबच्या गावाला निघालेल्या माणसाला वाढतेय असं वाटावं.

ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून झालं, त्यामुळे पोटावर चार-पाच छोटी भोकं तेवढी. पण शुद्धीवर आल्यावर मला पहिल्यांदा जे कळलं ते दुखणं नव्हतं. ती शांतता होती. आयुष्यभर माझ्या पोटात कुणीतरी सतत हाका मारत होतं, जेवताना आणि जेवल्यावरसुद्धा. ते गप्प झालं होतं. मी घाबरलो. मला वाटलं, आपल्यातलं कुणीतरी मेलं.

नर्सने औषधाच्या बाटलीचं झाकण असतं ना, तेवढ्या झाकणातून पाणी दिलं. म्हणाली, घोट घोट घ्या. मला हसू आलं, एवढ्याशा पाण्याचे घोट काय करायचे. पण दुसऱ्याच घोटाला छातीत असं दाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी पंगती गाजवणारा माणूस, आणि एक झाकण पाणी मला संपेना.

घरी आलो तो वैशाख होता. खानदेशातला वैशाख ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. दुपारी पत्रे तडतडतात, पाखरं झाडावरून खाली पडतात. शैला मला पातळ ताक, डाळीचं वरचं पाणी, शहाळ्याचं पाणी देई, सगळं चमच्याने. रजनी डायलिसिस नसेल त्या दिवशी आमच्याकडे येऊन बसायची. तिलाही पाणी मोजूनच. किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून प्यालेलं सगळं अंगात साठतं, श्वास कोंडतो. तहानेने तिची जीभ टाळ्याला चिकटायची, तरी दिवसभराचं पाणी ती एका छोट्या तांब्यात भरून ठेवायची आणि तेवढ्यातच भागवायची.

असे आम्ही दोघं बहीणभाऊ त्या उन्हाळ्यात ओसरीवर बसायचो. माझ्या हातात चहाचा छोटा कप, तिच्या हातात चहाचा छोटा कप, दोन्हींत पाणी. मला हवं तेवढं प्यायची मुभा होती पण आत जागा नव्हती, आणि तिला जागा होती पण मुभा नव्हती. मग ती ओठ ओले करायची, मी ओठ ओले करायचो. एकदा ती म्हणाली, "दादा, तू आता कळायला लागलास मला." मला वाटतं तिला म्हणायचं होतं की मी तिला आता समजू शकतो. पण ती म्हणाली ते असं.

पावसाळ्यात वजन भराभर उतरायला लागलं. लोकांना वाटतं, तेव्हा माणूस खूश असेल. मी नव्हतो. केस गळायला लागले, उशीवर पुंजके दिसायचे. अंगठी बोटातून निसटून मोरीत गेली. थंडी वाजायला लागली. मला, ज्याने जन्मात स्वेटर घातला नव्हता. पायावर पाय ठेवून बसलो तर हाडाला हाड लागायचं. एकदा आंघोळ करताना खांद्याशी काहीतरी टणक लागलं, मी दचकलो, गाठ आली समजून शैलाला हाक मारली. तिने चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे तुमचं गळ्याखालचं हाड आहे. सगळ्यांना असतं." मग ती तिथेच बसून रडायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, भाकऱ्या उरतात, कशाला करायच्या तेच कळत नाही, आणि रात्री कूस बदलली की शेजारी परका माणूस निजल्यासारखा वाटतो.

पोटाची कातडी तर रिकाम्या पोत्यासारखी लोंबू लागली. ती मी कुणाला दाखवत नसे, स्वतःही बघत नसे.

गावाने वेगळाच अर्थ काढला. एवढा माणूस एवढा उतरतो म्हणजे मोठा आजार असणार. बाजारात लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. मी विनोद करायचो आणि ते कसंनुसं हसायचे. तेव्हा मला उमगलं की इतकी वर्षं लोक माझ्या विनोदांना हसत नव्हते. विनोद तेच होते, हसायला कारणीभूत असलेलं पोट गेलं होतं.

तरी ठरलं होतं तसं चाललं होतं. दर महिन्याला नाशिकला जायचं, बाई वजन बघायच्या, रक्त बघायच्या, अजून थोडं, म्हणायच्या. रजनीही झिजत होती. डायलिसिसनंतर तिला उलट्या व्हायच्या. एकदा यंत्रावरच तिचं ब्लडप्रेशर इतकं खाली गेलं की किशोररावांना बाहेर काढून पडदा लावला. आमच्या दोघांची जणू शर्यत लागली होती, मी आधी हलका होतो की ती आधी संपते.

जानेवारीत किशोररावांनी मळ्यात भरीत पार्टी ठेवली. आमच्याकडे थंडीत ती असतेच. पाव्हणे, शेजारी, सगळे शेतात जमतात. कपाशीच्या पळाट्यांचा जाळ करून मोठी हिरवी वांगी त्यात भाजायची, सोलून लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर कुटायची, वरून शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेलाची फोडणी. सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. केळीच्या पानावर. या पार्ट्यांचा मी एकेकाळी राजा होतो.

माझ्या पानावर लिंबाएवढं भरीत वाढलं गेलं. आठ महिने झाले होते, एवढं मला चालत होतं, चावून चावून खाल्लं तर. पण त्या धुराचा वास, ती गडबड, कुणीतरी जुन्या सवयीने म्हणालं, "डिगूभाऊ, होऊ द्या." आणि माझा हात जुन्या वेगाने चालला. दुसरा घास न चावताच गेला. तो छातीत अडकला. तोंडात लाळ दाटली, कानशिलं थाडथाड उडायला लागली. मी उठलो, केळीच्या ओळींत शिरलो आणि बांधापर्यंत जाऊन ओकलो. मग तिथेच गुडघ्यावर बसून रडलो. पोटातली ती हाक आठ महिन्यांनी परत आली होती, आणि तिला उत्तर द्यायला माझ्याकडे जागा नव्हती.

मान वर केली तर रजनी उभी. पदराने तोंड दाबून. ती किती वेळ बघत होती कोण जाणे.

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी चूळ भरली. ती माझ्या बाजूला बांधावर बसली आणि म्हणाली, "दादा, मला तुझी किडनी नको."

मला वाटलं ती वैतागून म्हणतेय. पण ती ठरवून आली होती. ती म्हणाली की ती मला वर्षभर बघतेय. तिच्या आठवणीतला भाऊ जेवायला बसला की घर भरल्यासारखं वाटायचं. आता तो मांजरासारखं खातो, केस गेलेत, हसत नाही, लपून रडतो. आणि अजून तर किडनी काढायचीच आहे.

"आधीच अर्धा खाल्ला मी तुला," ती म्हणाली. "आता उरलेला नाही खाणार. मी किशोररावांशी बोललेय. डायलिसिसवर जितकं होईल तितकं होईल."

मी पुष्कळ काही बोललो असतो. आईची शपथ घातली असती, रागावलो असतो. पण घशात आंबट झालं होतं. मी नुसता समोर बघत राहिलो. समोर बांधावर चिंच होती, किशोररावांच्या आजोबांनी लावलेली, चार माणसांच्या कवेत न मावणारी. छातीएवढ्या उंचीवर तिला दोन फांद्या फुटल्या होत्या. लहानपणी पोरं झाडांवर चढत तेव्हा मी कायम खाली. त्यांच्या चपला सांभाळायचो.

मी का उठलो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. चपला काढल्या, बेचक्यात हात घातला आणि अंग वर ओढलं. माझी खात्री होती की आपण पडणार. अंग वर आलं. ते इतकं सहज वर आलं की मी बेचक्यात पोट टेकून क्षणभर तसाच लटकत राहिलो, कुणी खालून ढकललं की काय म्हणून मागे बघितलं. रजनी बांधावरच होती.

"दादा, काय करतोस? उतर खाली."

मी पुढच्या फांदीवर पाय दिला. फांदी मोडेल म्हणून श्वास धरला. फांदी जराशी हलली आणि माझा भार तिने घेतला. मग त्याच्या वरची. तळहात सोलवटत होते, शर्ट फाटला, त्यातून ती लोंबती कातडी बाहेर आली आणि खरखरीत सालीवर घासत होती. मी कातडी आत खोचायच्या भानगडीत पडलो नाही. हात पकड शोधत होते, पाय वर चढत होते. त्यांना हे कुणी शिकवलं, मला माहीत नाही. एकोणचाळीस वर्षं ते माझ्याजवळ होते आणि त्यांना हे येतं हे मला माहीत नव्हतं.

वर जिथे फांद्या मनगटाएवढ्या होतात तिथे मी थांबलो. डोकं पानांतून बाहेर निघालं.

मी त्या मळ्यात शेकडो वेळा आलो होतो. पण केळीची बाग वरून मी कधी पाहिली नव्हती. खालून ती अंधारी असते, ओल असते. वरून ती म्हणजे हिरव्या पाण्याचं तळं होतं, वारा आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट जायची. पलीकडे दुसऱ्या बागा, त्यांच्या पलीकडे आणखी, आणि उत्तरेला अख्खा सातपुडा, आडवा पसरलेला, निळा. भरिताच्या जाळाचा धूर माझ्या पायांखालून सरळ वर येत होता. माझ्या हृदयाचे ठोके मला ऐकू येत होते. ते धापेचे नव्हते. ते नुसते ठोके होते.

"दादा," खालून रजनीचा आवाज आला, आता घाबरलेला, "हातापाया पडते, उतर."

"थांब जरा," मी म्हणालो. "मला इथून सातपुडा दिसतोय."

खाली पाहिलं तर ती बांधावर उभी राहून, डोळ्यांवर हाताचा आडोसा करून मला बघत होती. एवढीशी दिसत होती. तिला कदाचित पानांत एक गळ्याखालचं हाड निघालेला, विरळ केसांचा, फाटक्या शर्टाचा माणूस दिसत असेल, आणि तो हसतोय की रडतोय हे खालून कळत नसेल. मलाही ते वरून कळत नव्हतं.

मी ओरडून तिला म्हणालो, "रजे, तू आजारी पडली नसतीस तर मी खालीच राहिलो असतो गं."

उतरायला मला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटच्या बेचक्यातून उडी मारली आणि दोन्ही पायांवर उभा राहिलो. रजनी जवळ आली. तिने माझे हात उलटे करून बघितले, तळहातांना रक्त आलं होतं. मग तिने फाटक्या शर्टातून लोंबणारी माझ्या पोटाची कातडी बघितली, जी मी शैलालाही नीट बघू दिली नव्हती. तिने पदराने त्यावरचा झाडाचा भुगा पुसला, लहान मुलाचं पोट पुसावं तसं.

"परत वर जाशील?" तिने विचारलं.

"आत्ता?"

"नाही. म्हणजे किडनी काढल्यावर. एका किडनीने चढता येतं का झाडावर? तळवलकर मॅडमना विचार. त्या हो म्हणाल्या तरच मी घेईन."

पुढच्या वेळी नाशिकला गेलो तेव्हा मी खरंच विचारलं. बाईंनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की दोन महिने जड उचलू नका, नंतर हिमालयात जा. रजनीला हिमालयाचं काही नव्हतं. तिने पुन्हा विचारायला लावलं, चिंच चालेल का.

उन्हाळा सुरू व्हायच्या आत सगळ्या परवानग्या झाल्या. वजन बाईंना हवं तिथे येऊन थांबलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी आम्हा दोघांना शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं. मधल्या दाराशी दोन्ही स्ट्रेचर थोडा वेळ समोरासमोर आली. रजनीने हात वर केला, मीही केला.

संध्याकाळी मला जाग आली तेव्हा डाव्या कुशीत दुखत होतं. पण या वेळी दुखण्याची ओळख होती. आपला एक भाग गेलाय आणि तरी आपण आहोत, हे मला एकदा शिकवून झालं होतं. उलट मीच शैलाला धीर देत होतो. ज्यांनी किडनी जोडली ते डॉक्टर आले, हिरव्या टोपीची खूण अजून त्यांच्या कपाळावर होती. मी रजनीचं विचारलं. ते म्हणाले, चांगली आहे. एवढं बोलून ते जाईनात. माझ्या पलंगाच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले.

"तुमची किडनी बर्फातून काढली तेव्हा पांढरी, थंड होती," ते म्हणाले. "ताईंच्या शिरेला जोडली, रक्त सोडलं, आणि ती गुलाबी झाली. आमचे टाके पुरे व्हायच्या आत तिने लघवी करायला सुरुवात केली. टेबलावरच." मग जरा थांबून म्हणाले, "सुंदर किडनी आहे हो. आम्ही सगळे हात थांबवून बघत होतो."



दोन दिवसांनी मला चालवत रजनीच्या खोलीशी नेलं. तिला कुणाचा संसर्ग होऊ नये म्हणून वेगळं ठेवलं होतं. मला गाऊन, टोपी, मास्क चढवून पायथ्याशी एका स्टुलावर बसवलं. तिचा चेहरा मी ओळखला नाही. वर्षभर त्यावर जो राखेसारखा रंग होता तो उतरला होता. गालांना रंग होता, ओठांना ओल होती.

मला वाटलं होतं ती रडेल. मीही रडायची तयारी ठेवली होती. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती मान वळवून पलंगाच्या कडेला बघत होती. तिथे खाली लघवीची पिशवी टांगली होती, आणि नळीतून थेंब पडत होते. पिवळे, स्वच्छ. एकामागून एक, न थांबता. रजनीला दोन वर्षांत चमचाभर लघवी झाली नव्हती.

"दादा," ती हळूच म्हणाली, "बघ ना."

मी बघत होतो. माझ्या आत चाळीस वर्षं हे चाललं होतं. मी पंगतीत बसलो होतो तेव्हा, दुकानात स्टुलावर बसलो होतो तेव्हा, लोक हसत होते तेव्हा, झोपलो होतो तेव्हासुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलं नव्हतं. आणि आता तेच तिच्या आत चालू होतं, जणू घर बदललंय हे किडनीला कळलंच नव्हतं.

"हे तुझं की माझं?" रजनीने विचारलं.

पिशवीवर आकडे होते, पाणी त्या आकड्यांवरून सावकाश वर सरकत होतं. खोलीत यंत्राची बारीक टिकटिक सोडून आवाज नव्हता. नर्स आली, तिने वाकून आकडा बघितला, मला म्हणाली की आता बाहेर यायला हवं. मग आम्हा दोघांची तोंडं बघून तिने पिशवी खालच्या भांड्यात रिकामी केली आणि परत टांगली.

रिकाम्या पिशवीत पहिला थेंब पडला. मग दुसरा. आम्ही पुन्हा बघायला लागलो.